सोनू, साडेसातीचं गणित वाच

प्रिय सोनू,

आत्याचा फोन आला होता, म्हणाली पोरीची मेष रास, साडेसाती लागलीये, म्हणून जुनी इंदूरच्या शनी मंदिरात तुझ्या नावाने तेल घालून आले. आणि रात्री तुझा मेसेज, बाबा खरंच साडेसात वर्षं असंच चालणार का. एक पेपर काय राहिला तर एवढं! फोनवर आई मधेमधे बोलते म्हणून लिहूनच पाठवतोय, जेवण झालं की निवांत वाच.

आधी हे साडेसात आले कुठून ते बघ. शनीला सूर्याभोवती एक चक्कर मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. तुझ्या आधीची रास, तुझी आणि पुढची, तीन राशींचे झाले साडेसात, बस. मार्च 2025 मधे तो मीनेत गेला तेव्हा जगातल्या सगळ्या मेषवाल्यांना एकदमच लागली, त्यातले कितीतरी मस्त पास होऊन बसलेत.

आता मला यातलं जे सगळ्यात आवडतं ते. शनी इतका हळू का? लांब आहे, रस्ता मोठा आहे, हे तर आहेच, पण तेवढंच असतं तर गणित जुळत नाही. पृथ्वी सूर्यापासून 15 कोटी किलोमीटरवर, शनी त्याच्या साडेनऊ पट लांब, म्हणजे आपल्याच स्पीडने चालला असता तर साडेनऊ वर्षांत चक्कर पूर्ण. लागतात तिप्पट, कारण तो चालतोच हळू, पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर आणि शनी जेमतेम 10. साडेनऊ पट लांब गेलं की सूर्याची ओढ नव्वदाव्या हिश्श्यावर येते, तिथे आपल्या स्पीडने पळाला असता तर सूर्याला सोडून कायमचाच गेला असता. उलट बुध अगदी जवळ, त्याला सेकंदाला 47 किलोमीटर पळावंच लागतं, 88 दिवसांत चक्कर. अंतर आणि वेळ यांचा हा हिशोब केप्लरने 1619 मधे मांडला, तोही टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या नोंदींच्या जोरावर!

आणि पृथ्वी सूर्यात पडत का नाही म्हणशील तर पडतेच आहे गं. दर सेकंदाला सूर्याकडे साधारण 3 मिलीमीटर पडते, पण तेवढ्यात 30 किलोमीटर आडवी निघून गेलेली असते, मग ते पडणंच वळण होतं. मागून कोणी ढकलत नाही, अवकाशात अडवायलाही काही नाही, 460 कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा जो ढग फिरत होता त्याचीच ती गती अजून चालू आहे.

आत्या वक्रीचंही बोलली असेल. शनी मागे वगैरे जात नाही, आपली पृथ्वी दरवर्षी आतल्या ट्रॅकवरून त्याला ओव्हरटेक करते, ए.बी. रोडवर आपण ट्रकच्या पुढे निघताना तो मागे सरकल्यासारखा वाटतो ना, तसंच. दरवर्षी साडेचार महिने वक्री दिसतो बिचारा.

पण जुन्या लोकांना नावं ठेवायची नाहीत हं. उज्जैनचा सिंहस्थ बघ, गुरू सिंहेत आला की भरतो, 2004, 2016, आता 2028. गुरूची चक्कर मात्र पूर्ण 12 ची नाही, 11.86 वर्षांची, तो फरक साचत जातो म्हणून हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 11 वर्षांनीच, 2021 ला आला. नुसत्या डोळ्यांनी आकाश बघून एवढं पकडलं होतं लोकांनी, भीतीचं प्रकरण त्याला वेगळं चिकटलंय.

आत्याला उलट बोलू नकोस, तेल घातलं तर घातलं, तिचा जीव आहे तुझ्यावर. राहिलेल्या पेपरचा फॉर्म मात्र उद्याच भर, लेट फी लागली तर ती तुझ्या पॉकेटमनीतून कटणार.

बाबा