फिनलंडचे यश नशिबाचे नव्हे
आइस हॉकीवरील रविवारच्या लेखात फिनलंडचे 2022 चे बीजिंग ऑलिंपिक सुवर्ण एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक लीग) खेळाडू नसल्यामुळे पदरात पडले, असे म्हटले आहे. हे पटत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात फिनलंडमधील टाम्पेरेत जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात फिनलंडसमोरच्या कॅनडाच्या संघात एनएचएलचे खेळाडू होते. अखेरच्या मिनिटांत कॅनडाने 1-3 वरून बरोबरी साधली, घरचे प्रेक्षक हबकले; तरी जादा वेळेत फिनलंडच्या साकारी मान्निनेनने 4-3 असा निकाल लावला. 2019 मध्येही ब्रातिस्लाव्हात अंतिम सामन्यात फिनलंडकडून कॅनडाच 3-1 असा हरला होता. 2011, 2019 आणि 2022, तिन्ही जगज्जेत्या संघांचे प्रशिक्षक एकच, युक्का यालोनेन. जेमतेम 55 लाख वस्तीच्या देशाचे हे सातत्य लेखात एका ओळीतही नाही.
— एक वाचक, नाशिक