कोणता हेलियम, तेवढं छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘कोकणच्या पोटात ज्वालामुखी?’ हा मजकूर वाचला. मथळ्यात प्रश्नचिन्ह घातलंत, त्याबद्दल आभार. पण प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली, असं तुमच्याकडे कोणी ठरवलंय ते एकदा कळायला हवं. सकाळचा चहा व्हायच्या आत डोंबिवलीहून वहिनींचा फोन. “भावोजी, यंदा गणपतीला यायचं की नाही? पोरं घाबरलीत.” मी म्हटलं, या, मोदकांपुरतं पाणी उन्हाळ्यावर, म्हणजे आमच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, तापलेलंच आहे. त्यांना विनोद कळला नाही. मलाही नंतर फारसं हसू आलं नाही.

तुमचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे : उन्हाळ्यांच्या पाण्यात हेलियम सापडला, सबब खाली ज्वालामुखी. अहो, हेलियम कुठे नाही? हवेतही आहे, थोडा आहे पण आहे. जमिनीखालच्या बहुतेक जुन्या पाण्यात तो सापडतोच. आंबा मिळाला एवढं सांगून कोणी हापूसचा दर लावत नाही, रायवळ की हापूस ते आधी बघतात. हेलियमचंही तसंच, त्याचे अणू दोन प्रकारचे. एक हेलियम-4. खडकातलं युरेनियम आणि थोरियम विघटित होत असताना तो सतत तयार होत राहतो, म्हणजे ग्रॅनाइट असेल तिथे त्याची ददात नाही. दुसरा हेलियम-3. तो बहुतांशी पृथ्वी घडली तेव्हापासून प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरात, अडकून पडलेला, आणि वर येतो तो मुख्यतः तिथल्या वितळलेल्या खडकाबरोबर. हवेत सुमारे 7 लाख 20 हजार हेलियम-4 अणूंमागे एक हेलियम-3 असतो. भूकवचातल्या वायूत हेलियम-3 चं हेलियम-4 शी असलेलं हे गुणोत्तर हवेच्या शंभरात दोन भागांइतकं खाली जातं. महासागराच्या तळाशी जिथे नवा खडक जन्मतो तिथे ते हवेच्या आठपट असतं आणि अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या काही झऱ्यांत सुमारे सोळापट. सगळी मेख या गुणोत्तरात आहे, आणि तुमच्या पाऊण पानात तेच नाही. आकडा नाही, गुणोत्तर हा शब्दही नाही.

आता छायाचित्र. एक तरुण कुंडात वाकून प्लास्टिकची बाटली भरतोय आणि खाली ओळ, ‘हेलियमचा नमुना घेताना संशोधक’. माझी उमेदीची वर्षं भूजलाच्या कामात गेली. बाहेरून शास्त्रज्ञ आले की नमुने घ्यायला त्यांच्याबरोबर मी हरकाम्या म्हणून जात असे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार घेतो. प्लास्टिकमधून हेलियम निसटतो. काचेतूनसुद्धा हळूहळू निसटतो. त्यासाठी तांब्याची नळी लागते, आणि पाणी कुंडातलं नव्हे, झऱ्याच्या अगदी तोंडाशी घ्यायचं, कारण कुंडातल्या पाण्याला हवा लागून गेलेली असते. नळीला पारदर्शक रबरी नळी जोडून पाणी बराच वेळ वाहू द्यायचं. त्यात एक बुडबुडा दिसला तरी पान्याच्या दांड्याने तांब्यावर टकटक करत तो पुढे घालवायचा. मग बाहेरच्या टोकाचा शिकंजा आधी आवळायचा, झऱ्याकडचा नंतर, तांबं चेपून त्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटेपर्यंत. नळी इतकी तापायची की पंचा गुंडाळल्याशिवाय हातात धरवत नसे. आणि मागून शास्त्रज्ञ बाई, “काका, घाई नको, हवा जाईल!” तरीही थोडी हवा जातेच. ती किती गेली ते प्रयोगशाळेत हवेतूनच येणारा निऑन वायू मोजून काढतात आणि वजा करतात. एवढा उपद्व्याप बाटलीत भागला असता तर आम्हाला काय हौस होती?

बरं, कोकणातल्या उन्हाळ्यांचं म्हणाल तर पालघरकडच्या टोकापासून राजापूरपर्यंत ही रांग आहे. अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही नावं तुमच्या वाचकांना पाठ आहेत. या झऱ्यांतून निघणारा वायू प्रामुख्याने नायट्रोजन, सोबत आर्गॉन आणि हेलियम, आणि तो हेलियम भूकवचातला, म्हणजे रायवळ. पाणी पावसाचंच. ते भेगांतून खोल उतरतं, तिथे दर किलोमीटरला तापमान साधारण 25-30 अंशांनी वाढतं, आणि तापलेलं पाणी भेगांतूनच वर येतं. लाव्ह्याची गरजच नाही. उलट यातून निघणारी खरी बातमी तुम्ही हातची घालवलीत. आपल्या काळ्या कातळात, बेसॉल्टमध्ये, युरेनियम-थोरियम फार कमी. मग पाण्यात हा हेलियम आला कुठून? बेसॉल्टच्या खालच्या पुरातन ग्रॅनाइटी खडकातून. कोयनेला खोल विंधणविवर घेतलं तेव्हा 932 मीटर बेसॉल्ट संपल्यावर तोच खडक लागला. म्हणजे तुरळच्या झऱ्यावर बसून लाव्ह्याच्या जाड थराखाली काय दडलंय ते कळतं. याला मथळा सुचला नाही?

दख्खनच्या ज्वालामुखीचा हेलियम-3 सापडलाच नाही असं माझं म्हणणं नाही. सापडलाय, पण राजस्थानात, मुंडवारा आणि सारनू इथे, आणि तोही पाण्यात नव्हे, खडकात. 1993 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. तिथले खडक सुमारे 6 कोटी 85 लाख वर्षांपूर्वीचे, दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या थोडे आधीचे, आणि त्यांतलं गुणोत्तर हवेच्या 14 पट. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या खडकांतही ते 12 ते 14 पट येतं. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने आपला सह्याद्री रचला तो आज त्या बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपला भूखंड त्याच्यावरून सरकून कधीच उत्तरेला निघून आला. तुमच्या लेखकाने राजस्थानचा खडक आणि रत्नागिरीचं पाणी एकाच वाक्यात कोंबलं आणि मधल्या साडेसहा कोटी वर्षांना स्वल्पविराम दिला.

हे सगळं मनाला लावून घेण्याचं कारण सांगतो. माझ्या पुतण्याने मागे उन्हाळ्याच्या वाटेवर दोन खोल्या आणि घरगुती जेवण अशी सोय काढायची ठरवली. सातबारा, ग्रामपंचायतीचा दाखला, जामीनदार, सगळं तयार. बँकेत गेला तर साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली एका वर्तमानपत्राचं कात्रण. तेव्हाही मथळा असाच होता आणि तेव्हाही प्रश्नचिन्ह होतं. (वर्तमानपत्र तुमचं नव्हतं, हे नमूद करतो.) साहेब म्हणाले, “अहो, खाली लाव्हा असेल तर आमचं तारण जाणार कुठे?” हसत म्हणाले. तोही हसला बिचारा. पण फाईल त्या दिवसापासून जी ‘विचाराधीन’ झाली ती झालीच. पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी गेली, मे महिना गेला. विचारायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. मी स्वतः झऱ्याचं सगळं शास्त्र दोन फुलस्केप कागदांवर लिहून नेऊन दिलं. ते त्यांनी वाचलं की चहाच्या कपाखाली ठेवलं ते देव जाणे, पोच काही मिळाली नाही. शेवटी पतपेढीतून चढ्या व्याजाने पैसे उचलले. पतपेढीवाल्याने ज्वालामुखीचं काही विचारलं नाही, बहुधा तो पेपर वाचत नसावा. आता पुतण्याला आणखी एक खोली वाढवायची आहे, आणि नेमका तुमचा कालचा अंक. रंगीत चित्रासह. लाव्हाही छान लालभडक काढलाय.

पाण्यातले वायू पाहून ज्वालामुखीचा माग काढणारे लोक जगात आहेत आणि ते गंभीरपणे काम करतात. जपानमधला ओंताके 27 सप्टेंबर 2014 रोजी फुटला, माणसं गेली. त्याच्या सर्वांत जवळच्या उन्हाळ्यात हेलियमचं हे गुणोत्तर आधीची सुमारे दहा वर्षं चढत गेलं होतं, लांबच्या झऱ्यांत नाही. जर्मनीच्या आयफेल भागात शेवटचा मोठा उद्रेक होऊन सुमारे 13 हजार वर्षं झाली, तरी तिथल्या झऱ्यांतून प्रावरणातला हेलियम आजही बुडबुडत येतो. असं काही तुरळला दिसलं तर जरूर पहिल्या पानावर छापा, मीच पहिला गाडीत बसेन. पण त्याच झऱ्यावर वर्षानुवर्षं मोजायला माणूस आणि पैसा लागतो, एक दिवस येऊन फोटो काढून ते होत नाही.

जाता जाता त्याच पानावरच्या चौकटीबद्दल. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, सर नॉर्मन लॉकियर यांनी 18 ऑगस्ट 1868 रोजी साहेबाच्या ओट्यावरून...’ वगैरे. विजयदुर्गाचा अभिमान मलाही आहे, शाळेच्या सहली तिथे नेलेल्या आहेत. पण त्या दिवशी लॉकियर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडात होते. खग्रास ग्रहण पाहिलं ते जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून आणि इतरांनी ठिकठिकाणांहून. आपल्या शेजारच्या जमखंडीलाही हर्शेल नावाचा लेफ्टनंट दुर्बीण लावून बसला होता. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना पाहिली. तो विजयदुर्गावर आला खरा, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्येच लंडनमध्ये युरेनियमच्या खनिजातून हेलियम काढून दाखवलाही होता. तो ओटा 1898 चा म्हणून मिरवला तरी त्यात कमीपणा काय? 18 ऑगस्ट जवळ आली की ती चौकट तुम्ही पुन्हा काढणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

कळावे,
आपला,
तुरळजवळचा एक जुना वर्गणीदार
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी