रेघेपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सात महिने ना पत्र, ना फोन, आणि आज एकदम एवढा जाड लखोटा. उघडताना तुझ्या पोटात गोळा येईल म्हणून आधीच सांगतो, सगळे ठीक आहेत. माझं ब्लडप्रेशर गोळीच्या ताब्यात आहे, हिचा गुडघा होता तसाच आहे, अप्पा अजून कोणाचा हात न धरता जिना चढतात. झाल्या तब्येती.

घरात पिल्लू आलंय. मोत्यानंतर पुन्हा कुत्रं नाही, असं मी तुला फोनवर दोनदा बजावून सांगितलं होतं, आठवतं ना? धाकटीने ते मानलं नाही. लॅब्राडॉर आहे. आठ आठवड्यांचा असताना आला, आता सोळा आठवड्यांचा झालाय. धाकटीने नाव ठेवलं टिल्ल्या. मोठा झाला की तीस किलोच्या घरात जाईल, तेव्हा या टिल्ल्याला उचलायला तुलाच बोलावणार आहे.

गेल्या मंगळवारी पहाटे तो झोपेतून उठला आणि पुढचा डावा पाय जमिनीला टेकवेना. जमिनीपासून दोन बोटं वर, तसाच अधांतरी धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. मोत्या त्याच्या मागच्या पायांचं दुखणं सुरू झालं तेव्हा असाच बघायचा. मला तिथेच खाली बसावं लागलं. हिला वाटलं मला चक्कर आली. हिला काय सांगणार? हे फक्त तुलाच कळेल, म्हणून हे पत्र.

डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत, सांधाही आत्ता तरी ठीक. मग त्यांनी वजन केलं. चौदा किलो आठशे. त्यांनी त्याच्या छातीवरून दोन्ही हात फिरवले आणि मला विचारलं, "याला खायला कोण घालतं?" मी म्हणालो, आम्ही सगळेच. ते म्हणाले, "तेच."

खरी गोष्ट अशी. खाण्याच्या पिशवीवर तक्ता असतो. एका बाजूला पिल्लाचं वय, दुसऱ्या बाजूला मोठं झाल्यावर अपेक्षित असलेलं वजन. आजचं वजन नव्हे, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. त्यातून मिळतो तो दिवसभराचा आकडा, एका वेळचा नाही. इथपर्यंत मी चुकलो नव्हतो. आमच्या तक्त्यात दिवसाला तीन कप होते. आमच्याकडे कप कुठला? मी चहाचा मोठा मग घेतला. त्यांचा कप 240 मिलीचा, माझा मग 350 चा, आणि तोही मी शीग लावून भरायचो. शिवाय सकाळी ही उठली की, "बिचारा कधीचा बसलाय" म्हणून एक मूठ. शाळेतून आल्यावर धाकटीची एक मूठ. रात्री अप्पांची एक, कोणाला न सांगता. वर मी दूध पाजायचो आणि हाडं बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडर घालायचो. कोणी सांगितली नव्हती, माझ्याच मनाने. मोत्याचे पाय गेले ना, याचे जाऊ नयेत म्हणून.

डॉक्टरांनी पावडर त्याच क्षणी बंद करायला लावली. मोठ्या जातीच्या पिल्लाला पहिल्या साधारण सहा महिन्यांत जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, आतडं येईल तेवढं बरंचसं शोषून घेतं आणि त्याने हाडांची वाढच बिघडते. पिल्लांच्या चांगल्या तयार खाण्यात ते मोजून घातलेलं असतं, वरून काही लागत नाही. आणि वजन? पिल्लू गुबगुबीत दिसतं तेव्हा आपल्याला ते सुदृढ वाटतं, पण सांधे अजून कोवळे असताना त्यांच्यावर जास्तीचा भार पडतो. मोठ्या जातीत तर भराभर वाढणं हे दुखण्याचं एक मोठं मूळ. ज्या पायांसाठी मी रोज पावडर कालवत होतो, त्याच पायांवर मी ओझं चढवत होतो रे.

दूधही बंद. आईचं दूध सुटलं की त्यातली साखर पचवण्याची ताकद हळूहळू कमी होते, आणि गाईच्या दुधात ती साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्तच. त्याचं पोट पंधरा दिवस पातळ होतं ते यामुळेही असणार. मी जंतांवर ढकलत होतो आणि जंतांचं औषध तर वेळच्या वेळी चालू होतं.

आता आमचं वेळापत्रक ऐक, तुझ्या आवडीचा विषय. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा, आणि ते दोन कायमचे. एकदाच भरपूर घालून मोकळं व्हायचं नाही. अशा खोल छातीच्या कुत्र्यांना एकदम पोटभर घातलं की पोट फुगून पिळा पडायचा धोका वाढतो. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. वाडगं पंधरा मिनिटं खाली, मग राहिलं असेल तरी उचलायचं. राहत नाही ही गोष्ट वेगळी. खाल्ल्यावर वीसेक मिनिटांत त्याला बाहेर न्यायचं, की काम बाहेरच होतं. वेळा पक्क्या केल्यापासून चार दिवसांत घरातली फरशी कोरडी राहायला लागली.

आणि माप आता तराजूवर. स्वयंपाकघरातला काटा त्याच्या नावे झालाय. दिवसाचे तीनशे ग्रॅम. सकाळीच तोलून त्यातले तीस ग्रॅम एका डबीत वेगळे काढायचे. कौतुकाची, शिकवणीची, अप्पांची, सगळी मूठ त्या डबीतून. डबी संपली की दिवस संपला. उरलेल्याचे तीन सारखे भाग, नव्वद नव्वद ग्रॅमचे. पहिल्या दिवशी नव्वद ग्रॅम वाडग्यात पडले आणि तळ दिसत राहिला, तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, तू विसरलास." मला उत्तरच देता आलं नाही.

दर रविवारी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो आणि वजाबाकी करतो. तीनशेचा आकडाही दगडावरची रेघ नाही. चार महिन्यांपर्यंत पिल्लाला नुसतं पडून राहायला लागते त्याच्या साधारण तिप्पट ऊर्जा लागते, नंतर दुप्पट; म्हणजे ज्या दिवसांत ते सगळ्यात जास्त मागतं, त्याच दिवसांत किलोमागे त्याची गरज उतरत असते. म्हणून आकड्यापेक्षा हात खरा. तू आत्ता हे वाचता वाचता करून बघ. मूठ आवळ आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरव. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. आता मूठ सोड, पंजा सरळ धर आणि त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी हात फिरव. अशा लागायला हव्यात, दिसत नाहीत पण लगेच हाताला लागतात. मग पंजा उलटा कर आणि अंगठ्याखालच्या गादीवर दाब. टिल्ल्या असा लागत होता.

मोत्या कसा लागायचा ते तुला माहीत आहे.

तो मागतो रे. भांड्याचा आवाज झाला की पुढ्यात येऊन बसतो आणि डोळे लावतो. धाकटी म्हणते, तो नाटक करत नाही. आणि तिचं खरं आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सापडलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त लागतात. तो त्यातला आहे की नाही कोणाला ठाऊक, पण मी त्याला लबाड म्हणायचं बंद केलंय. भूक खरी असेल. तरीही डबी संपली की नाही म्हणायचं, हे मला सगळ्यात जड जातंय. त्याच्याजवळ बसतो, कान खाजवतो, चेंडू काढतो. दहा मिनिटांनी विसरतो तो. मला विसरायला जास्त वेळ लागतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं आणि मी घरी येऊन रात्रभर तेच वाचत बसलो. अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर, एकेका विणीतल्या भावंडांच्या चोवीस जोड्या. आठ आठवड्यांचे असल्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला, आणि हे जन्मभर. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. पोटाला कमी मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी ज्याच्या पुढे जगली ते वय, तेरा वर्षं, दुसऱ्यांचं अकरा पूर्णांक दोन. सांध्यांची दुखणीही त्यांना कमी आणि उशिरा.

मोत्या नऊ वर्षांचा होऊन गेला. शेवटची दोन वर्षं आम्ही त्याला पोटाखाली टॉवेल घालून उठवत होतो.

ते स्टीलचं वाडगं मी टाकलं नव्हतं. माळ्यावर होतं. टिल्ल्यासाठी काढलं, घासलं, आणि आत तुझी रेघ अजून आहे. करकटकाने कोरलेली. खोलीवर तू ती कोरलीस त्या रात्रीचं भांडण तुला आठवत असेलच, खालच्या मजल्यावरचे वर आले होते. तू म्हणालास, याच्यावर एक दाणाही नाही. मी म्हणालो, ज्याला प्रेम मापून देता येतं त्याने कुत्रं पाळू नये. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. आणि मी तुझ्या पाठीमागे रोज रेघेच्या वर भरत राहिलो. तू नोकरीला गेल्यावर तर विचारायलाच कोणी नव्हतं.

काल रात्री सगळे झोपल्यावर त्या रेघेपर्यंत दाणे भरले आणि तोलले. एकशे सत्तर ग्रॅम. दोन वेळचे तीनशे चाळीस. मोत्याच्या आकाराच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला किती घालाल, असं आज मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. तेवढंच म्हणाले, दहावीस ग्रॅम इकडेतिकडे.

मोत्या गेला तेव्हा तू आला नाहीस याचा राग मी बारा वर्षं धरून आहे. वहिनींपाशी एकदा बोललोही होतो, त्यांनी तुला सांगितलं की नाही माहीत नाही. तुला त्याला तसं बघवणार नव्हतं, एवढं आता कळतं. राग सगळा गेला असं म्हणणार नाही. पण तू आला असतास तर त्या दिवशी तुला मला काही सांगायचं असतं, आणि तू ते सांगितलं नाहीस, हेही कळतं.

तुझी बदली झाल्याचं बंडूकडून कळलं, घर लागलं का नीट? चिरंजीवांचं गणित सुटलं ना, तुझ्यावर गेलं असेल तर सुटलंच असेल. वहिनींच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते कळव. सुट्टीत या सगळे. फक्त येताना पिशवीत द्राक्षं, मनुका, चॉकलेट काही उघडं ठेवू नका. टिल्ल्या पिशवीत आधी तोंड घालतो आणि या तिन्ही गोष्टी कुत्र्याला विष आहेत. मनुका तर थोड्याही चालत नाहीत.

पाय टेकवतोय आता. काल अंगणात धावला, मी थांबवला. पंधरा दिवस उड्या नाहीत, जिना नाही.

एक विचारायचं राहिलं. तेव्हा आपल्याकडे ना काटा होता, ना तक्ता, ना कोणी सांगणारं. तू ती रेघ नेमकी तिथेच कशावरून काढली होतीस?

तुझाच,
मी

ता. क. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू हे सांगणार नाहीस.