50 मीटर रायफलच्या पोरांना गोळ्या टेस्ट करायची सोय करा

मा. संपादक,

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा इव्हेंट) ब्राँझ घेतलं, तेव्हापासून पेपरात रायफलींच्या किमती, रेंज, कोच यावर बरंच छापून येतं. गोळीवर मात्र कोणी लिहीत नाही, आणि माझा मुलगा हाच इव्हेंट खेळतो म्हणून हे पत्र.

या इव्हेंटला .22 ची रिमफायर गोळी लागते. 300 मीटरच्या मोठ्या रायफलीत परदेशातले बरेच नेमबाज काडतूस स्वतः भरतात, दारू तोलून घालतात, बुलेट किती आत बसवायची ते ठरवतात, आणि आपल्या बॅरलला काय मानवतं ते मारून बघतात. .22 मध्ये हे जमतच नाही कारण पेटणारा मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या नळीच्या, कडेतच भरलेला असतो, फॅक्टरीतून आली तशीच गोळी वापरायची. मग नेमबाजाच्या हातात राहतं काय तर लॉट निवडणं, म्हणजे फॅक्टरीत एका वेळी बनलेला कुठला माल घ्यायचा ते ठरवणं. एकाच कंपनीची, एकाच किमतीची, सारख्याच डब्यातली गोळी, पण लॉट नंबर बदलला की त्याच बॅरलमधून ग्रुप (टार्गेटवर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते) वेगळा पडतो, आणि जो लॉट माझ्या मुलाच्या बॅरलला चांगला तो शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या बॅरलला चांगला असेलच असं अजिबात नाही.

फरक किती पडतो ते सांगतो. या टार्गेटवरची दहाची रिंग 10.4 मिमीची. गोळी साधारण सेकंदाला 320 मीटरनं निघते, त्यात दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा जरी फरक आला तर 50 मीटरवर हिशोबानं सात-आठ मिमी वर-खाली होतं, म्हणजे जवळपास एक पूर्ण पॉइंट, आणि यात पोराची काहीच चूक नाही. पॅरिसला क्वालिफिकेशनमध्ये स्वप्निल 590 करून सातवा आला आणि फायनलला गेला, आपलाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 करून अकरावा राहिला. त्याला गोळीमुळे कमी पडलं असं मी म्हणत नाहीये, एका पॉइंटची किंमत काय असते ते सांगतोय.

बाहेर यासाठी गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची टेस्ट सेंटर आहेत, लापुआचं जर्मनीत शोनेबेकला आहे, एलीचं बर्मिंगहॅमला. तिथं रायफल किंवा नुसतं बॅरल फिक्स्चरमध्ये (पक्क्या बसवलेल्या शिकंज्यात) घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा श्वास, खांदा, ट्रिगर सगळं बाजूला, आणि एकेका लॉटचे दहा-दहाचे ग्रुप मारतात. जो लॉट बसला तोच सीझनभरासाठी उचलायचा.

आमच्याकडे पोरं क्लबमध्ये जो डबा येईल तो मारतात. काही पालक प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, हातानं पाच गोळ्या मारून लॉट पास करतात, त्याला टेस्ट म्हणता येत नाही. पाचाचा एखादा ग्रुप नशिबानंही छान पडतो, निदान दहाचे चार-पाच ग्रुप तरी बघायला पाहिजेत, आणि गोळीचा ब्रँड बदलला की आधीच्या गोळीचं ग्रीस बॅरलमधून जाईपर्यंतचे शॉट मोजायचेच नाहीत. हे आमच्या पोरांना कोणी शिकवत नाही. दहाऐवजी नऊ पडला की पोरगं आपली पोझिशन बदलतं, स्लिंग (रायफल हाताला आवळायचा पट्टा) बदलतं, रात्री झोपत नाही, आणि कोचसुद्धा त्यालाच ओरडतात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण चांगलं टेक्निक असलेली पोरं यात बिघडताना मी बघितलीत.

क्रीडा खातं आणि राज्य असोसिएशनला विनंती आहे की पुण्यात बालेवाडीला आणि कोल्हापूरला 50 मीटरच्या एका लेनवर पक्कं टेस्ट फिक्स्चर बसवा, जड पाया, क्लॅम्प आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट एवढं पुरतं. आठवड्यातला एक दिवस ज्युनियर पोरांसाठी ठेवा, टेस्ट कशी वाचायची ते दाखवणारा एक माणूस तिथं असू द्या. आणि गोळ्या मागवणाऱ्यांनी अख्खा माल वाटून टाकण्याआधी प्रत्येक लॉटचा एकेक डबा टेस्टसाठी द्यावा, म्हणजे पोरं आपापल्या बॅरलवर बघून मग त्याच लॉटची ऑर्डर देतील. पुढच्या सीझनचा माल मागवायच्या आधी हे झालं तरच उपयोग आहे.

- एका ज्युनियर नेमबाजाचे वडील, कोल्हापूर