ब्रशच्या दुकानातल्या काकांना, शिंद्यांच्या गोलंदाजांतर्फे

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर बाबांनी लिहायचं, पण ते सध्या केळणा नदीच्या काठावर अडकलेत. तोफा लागल्यात, त्या डागणाऱ्या गोलंदाजांची पागोटी अर्धी रंगून झालीत आणि जेवायला हाक मारली की "आलोच" एवढंच ऐकू येतं. म्हणून मी लिहिते.

तुम्ही त्यांना "काय रंगवता?" म्हणून विचारलंत तेव्हा त्यांनी एका दमात सगळं सांगितलं होतं, तरी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा असईची लढाई रंगवतात, म्हणजे त्या लढाईतल्या माणसांच्या छोट्या बाहुल्या रंगवून मांडतात. २३ सप्टेंबर १८०३, एकीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि दुसरीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले. आमचं मूळ गाव त्याच जालना जिल्ह्यातलं. आपण हरलो म्हणून ही लढाई एका ओळीत उरकतात, याचा त्यांना शाळेपासून राग आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा टाकून पळाले नाहीत. मेले समजून इंग्रज ज्यांना ओलांडून पुढे गेले, त्यांतले काही उठले आणि त्याच तोफा मागून इंग्रजांवर डागल्या. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म काढलेल्या माणसाला ते गोलंदाज आपले वाटतात, यात नवल नाही.

आता हे गोलंदाज १:७२ मापाचे. उभा माणूस अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेर, म्हणजे डोळा हा नुसता ठिपका आणि मिशी म्हणजे एक रेघ. गेल्या पावसाळ्यापासून ती रेघ फाटायला लागली. मिशी काढायला जावं तर रंग गालभर. चष्म्याचा नंबर बदलला, दिवा बदलला, तरी तेच. शेवटी "हात गेला माझा" म्हणून बाबांनी सगळा पसारा बुटांच्या खोक्यांत भरला आणि मला माळ्यावर टाकायला लावला.

नव्या ब्रशसाठी तुमच्याकडे येण्याआधी आम्ही इतर दुकानं केली होती. एका ठिकाणी "छोटे सोल्जर ना? मग ट्रिपल झिरो नंबरचे ब्रश घ्या, सगळ्यात बारीक" असं सांगून प्लास्टिकमध्ये सीलबंद संच पुढे केला. उघडून बघू का म्हटलं तर "घेतल्यावर उघडा". दुसऱ्या एका चकचकीत दुकानातल्या मुलीने बाबा शेजारी उभे असताना मला विचारलं, "आजोबांना नीट दिसतं का? हल्ली मोठ्यांची पण कलरिंग बुक्स येतात." बाबा काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर दुधाच्या भावाबद्दल बोलत राहिले. त्या मुलीवर राग धरण्यात अर्थ नाही, तिला कुणी शिकवलंच नसेल. पण तिच्यामागे खुर्चीत बसलेले मालक मान वर न करता मोबाइल बघत होते, त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो राहणार.

तुमच्या दुकानात शिरलो तेव्हा एक वाजायला आला होता. पुण्यात, तेही अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, ही गिऱ्हाईकाने यायची वेळ नव्हे. पोऱ्या शटर ओढायच्या बेतात होता. त्याला तुम्ही हातानेच थांबवलंत, बाबांना स्टूल दिलंत आणि त्यांच्या खिशातला जुना ब्रश मागून घेतलात. उजेडात धरून म्हणालात, "पॉइंट गेलाय याचा. पत्र्याच्या नळीत रंग वाळून बसलाय, त्याने केस फाकतात. अशा ब्रशने मला तरी कुठे रेघ येणार?"

मग तुम्ही एक नंबरचे राउंड ब्रश खोक्यासकट काढलेत. तुमच्या प्यायच्या पाण्याच्या ग्लासात एकेक बुडवायचा, मनगटाला झटका द्यायचा, टोक बघायचं आणि मनाला आलं नाही तर बाजूला. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच किमतीचे ब्रश, आणि तरी तुम्ही उपवर मुलासारखी त्यांची पारख करत होता! जो पसंत पडला तो माझ्या हातात नाही दिलात. जुन्या पावतीची मागची बाजू वर केलीत, शाईची बाटली उघडलीत आणि ब्रश बाबांना देऊन म्हणालात, "तुम्ही ओढा."

बाबांनी मनगट काउंटरला टेकवलं आणि रेघ ओढली. बारीक, सलग, शेवटी केसाएवढी होत गेलेली. मग तिच्याशेजारी दुसरी. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, हे मला फार आवडलं. "हं. हात ठीक आहे," एवढंच म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात. काका, कौतुक केलं असतंत तर बाबांना ती दया वाटली असती.

मग तुमचं दोघांचं जमलं. ट्रिपल झिरोत रंग मावतच नाही, बाहुलीपर्यंत नेईतो टोकावर वाळतो, त्यापेक्षा पोट भरलेला आणि टोक असलेला एक नंबर बरा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तो सीलबंद संच मीच विकत होते. तोफांच्या पितळी रंगाला वेगळा, स्वस्तातला सिंथेटिक ठेवा, त्या रंगातली चकाकी केसांत अडकते आणि पाण्यातून दुसऱ्या रंगात जाते, हेही सांगितलंत. कोलिन्स्कीचा ब्रश मीच मागत होते, महागाचं ते चांगलं असणार म्हणून. तुम्ही काढून दाखवलात, सायबेरियातल्या विझल नावाच्या एका छोट्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात म्हणालात, आणि विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश कंपनीने १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी असे ब्रश कसे बनवले, ती गोष्ट सांगितलीत. "राणीचा ब्रश आणि रंगवायचे शिंद्यांचे गोलंदाज! चालतंय की," बाबा म्हणाले. आणि एवढी गोष्ट सांगून तुम्ही तो परत खोक्यात ठेवलात. "आधी हे वापरा. चेहऱ्यांना कमी पडतोय असं वाटलं तर मग या." बिल शंभरांत सुटलं, हजारांत नाही.

मी मुंगसाच्या केसांच्या ब्रशचा विषय काढला तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. एका दुकानदाराने आम्हाला हळूच "ओरिजिनल मुंगूस" देऊ केला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे, तो केस विकणं गुन्हा आहे, २०१९ मध्ये देशभर छापे पडले तरी लोक सुधारत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. वर "एका ब्रशच्या केसांसाठी जनावर मारायचं का?" हे जरा मोठ्यानेच. शटरपाशी ताटकळलेला पोऱ्यासुद्धा दचकला.

मला हल्ली वाटतं, आपण चांगुलपणा फार मोठ्या गोष्टींत शोधतो. देणग्या, सत्कार, शाली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की समोरच्याने ज्याचं काम आहे त्याच्याशीच बोलावं. डॉक्टरांनी पेशंटशी, बँकेतल्या साहेबांनी खातेदाराशी. वय झालेल्या माणसाबरोबर मुलगी आली की सगळ्यांची नजर मुलीकडे वळते. तुमची वळली नाही.

खोकी माळ्यावरून खाली आलीत. "खडा साबण की पातळ?" हा ब्रश धुण्याचा वाद घरात चालू आहे, त्याचा निकाल तुमच्याकडूनच येईल. पुढच्या वेळी बाबा एकटेच येणार म्हणतात, रिक्षाने. तुमची पायरी जरा उंच आहे, तेवढं पोऱ्याला सांगून ठेवा. आणि ते घासाघीस करतील. ऐकू नका.

आपली,
गोलंदाजांच्या घरची एक