घराच्या जाहिरातीतील चित्र मंजूर नकाशावरूनच हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बांधकाम सुरू होण्याआधी इमारत कशी दिसेल हे दाखवणारी चित्रे, ज्यांना आमच्या व्यवसायात सरसकट ‘रेंडर’ म्हणतात, ती आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी झपाट्याने तयार होऊ लागली आहेत. व्ही-रे, लुमियन, एन्स्केप यांसारख्या प्रस्थापित सॉफ्टवेअरला हा स्वस्त पर्याय आहे आणि कच्च्या आराखड्याच्या टप्प्यावर तो खरोखर उपयोगी पडतो. परंतु हीच चित्रे घरविक्रीच्या जाहिरातींत वापरण्याबाबत महारेराने, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, स्पष्ट नियम करावा, असे एक वास्तुविशारद म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दोन्ही पद्धतींत मूलभूत फरक आहे. प्रस्थापित पद्धतीत आधी इमारतीचे मोजमापांसह त्रिमितीय मॉडेल उभे करावे लागते. त्याला ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की सूर्याची जागा निश्चित होते आणि प्रकाश कोणत्या पृष्ठभागावरून कसा परावर्तित होईल हे सॉफ्टवेअर गणिताने काढते. मुंबई-पुण्यात जूनच्या मध्यान्ही सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे एरवी बहुतेक वर्षभर सावलीत राहणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन येते. मॉडेल बिनचूक असेल तर हा बारकावाही चित्रात उतरतो. २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मात्र असे गणित करत नाहीत. पूर्वी पुरवलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेल्या ठेवणीच्या आधारे ती ठिपक्यांच्या गोंधळातून वर्णनाशी जुळणारे दृश्य टप्प्याटप्प्याने घडवतात. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या जोडसाधनामुळे आपल्या रेखाचित्रातील रेषा धरून चित्र घडवणे शक्य झाले, तरी रेषांच्या मधले सारे काही अंदाजानेच भरले जाते. म्हणूनच एखादा खांब नाहीसा होतो, खिडक्यांची संख्या मजल्यागणिक बदलते, जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात, इमारतीभोवती मोकळे सोडायचे सामासिक अंतर ऐसपैस होते आणि शेजारची इमारत जाऊन तिथे झाडी येते. आपल्या पावसाला आवश्यक असलेला खिडकीवरचा सज्जा, पावसाच्या पाण्याचे पाइप, एसीचे बाहेरचे यंत्र, कपडे वाळत घालण्याची जागा या गोष्टी तर स्पष्टपणे सांगितल्याशिवाय सहसा येतच नाहीत. कोकणातील घर मागितले तर जांभ्याऐवजी भलताच दगड येऊ शकतो.

याचा अर्थ ही साधने टाकाऊ आहेत असा नाही. महागडे ग्राफिक्स कार्ड आणि रेंडर करून देणारा वेगळा माणूस ज्यांना परवडत नाही, अशा तालुक्याच्या गावातील लहान कार्यालयांना ग्राहकासमोर एका बैठकीत चार पर्याय ठेवता येतात, आणि घर बांधणाऱ्या सामान्य कुटुंबाला आपली पसंती वेळेवर सांगता येते. तिथे चित्र हे चर्चेचे साधन असते आणि ते बदलणार हे दोघांनाही ठाऊक असते. सदनिका घेणाऱ्याचे तसे नसते. बांधकाम पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी तो आयुष्याची पुंजी भरतो, आणि मंजूर नकाशा वाचता येत नसल्यामुळे त्याची सारी भिस्त त्या चित्रावर असते.

रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून रक्कम भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास भरलेली रक्कम व्याजासह परत मिळण्याची तरतूदही आहे. पण हा इलाज नुकसान झाल्यानंतरचा आहे, आणि तोवर ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ ही कोपऱ्यातील बारीक ओळ ढालीसारखी पुढे केली जाते. ती ओळ आधीपासून होतीच. मात्र पूर्वी चित्रामागे निदान एक मोजलेले मॉडेल असे, आता तेही असेलच असे नाही.

ऑगस्ट २०२३ पासून महारेराने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या प्रकल्पाच्या माहितीतच मंजूर नकाशाच्या मॉडेलवरून केलेली, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेली चित्रे ठेवणे सक्तीचे करावे. जाहिरातीतील जे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवले वा बदलले असेल, त्यावर तसा उल्लेख नोंदणी क्रमांकाएवढ्याच ठळक अक्षरांत असावा. आमच्या व्यावसायिक संघटनांनीही अशा प्रमाणपत्राची जबाबदारी स्वीकारण्याची तयारी महारेराला लेखी कळवावी, अशी माझी विनंती आहे.

– एक वास्तुविशारद, पुणे