स्टेज एकदा चालून बघा: क्रीडामंत्र्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवण्यात निम्मं आयुष्य गेलं. नेमबाजीचा नाद जुना आहे. गेली काही वर्षं त्यातल्या प्रॅक्टिकल शूटिंग नावाच्या आडवाटेच्या प्रकारानं मला धरलंय, आणि पत्र त्यासाठीच आहे.

नेमबाजी म्हणजे काय हे कोल्हापूरला सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य. पण ही मंडळी आपली जागा सोडत नाहीत. लक्ष्य समोर, अंतर ठरलेलं. आमच्या प्रकारात नेमबाज पिस्तूल घेऊन पळतो. टायमरची बीप वाजली की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, आडोशाआडून, खिडकीतून, कधी वाकून पुठ्ठ्याच्या नि लोखंडाच्या टार्गेटवर नेम साधायचा. ही सगळी मांडणी म्हणजे ‘स्टेज’. छोटा स्टेज जास्तीत जास्त १२ गोळ्यांचा, मध्यम २४ चा, मोठा ३२ चा. १९७६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या, प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे हे नियम आहेत.

यातली खोच गुणांत आहे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. १२ गोळ्या अचूक मारून ६० गुण, वेळ १० सेकंद, तर भागाकार ६. दुसऱ्यानं तीन गोळ्या जरा बाहेर मारल्या, गुण ५४, पण वेळ ८ सेकंद, तर ६.७५. दुसरा पुढे गेला. म्हणजे घाई करणाऱ्याला नियमच बक्षीस देतो. त्यात पळायचं कुठून, आधी कुठलं टार्गेट घ्यायचं, हे नेमबाजानं स्वतः ठरवायचं असतं. म्हणून स्टेज आखणाऱ्याला घाईतला माणूस सगळ्यात वेडं काय करेल, याचा विचार आधी करावा लागतो.

आता माझं गाऱ्हाणं. आम्ही चार-पाच जणांनी एका छोट्या स्पर्धेच्या परवानगीसाठी अर्ज केला. सोबत प्रत्येक स्टेजचा आराखडा जोडला, प्रमाणात काढलेला, पॅटर्नच्या ड्रॉइंगसारखा. अर्ज तीन टेबलांवर फिरला. परवान्यांच्या झेरॉक्स मागितल्या, त्या रास्तच. जागेचा उतारा मागितला. एका साहेबांनी विचारलं, “हे शूटिंग म्हणजे सिनेमाचं का?” आराखडा मात्र कोणी उघडलाच नाही. तो टाचणीसकट परत आला, घडीसुद्धा न मोडता. पुढे नकार आला, कारण ‘सुरक्षितता’. महोदय, सुरक्षिततेचा कागद तर तोच होता!

त्या कागदात बघायचं काय? एक कोन बघायचा. पिस्तुलाची नळी, गोळ्या अडवणाऱ्या समोरच्या मातीच्या बांधाकडे जाणाऱ्या सरळ रेषेपासून, ९० अंशांच्या पलीकडे वळली की नेमबाज स्पर्धेबाहेर. नियम चांगला आहे, पण तो माणसाला शिक्षा करतो. गोळी तोवर सुटलेली असू शकते. आडोसा असा ठेवला की वळसा घालून मागे यावं लागतं, तर उजव्या हाताच्या माणसाची नळी आपोआप बाजूला झुकते. डावखुऱ्याचं उलट. म्हणून मी प्रत्येक स्टेज रिकाम्या हातानं दोनदा चालतो, एकदा उजवा होऊन, एकदा डावखुरा. माझे तीन स्टेज असे रद्द झालेत. दोन तर मला फार आवडायचे.

दुसरं लोखंड. इथं माझा धंदा कामी येतो. लोखंडी टार्गेटपासून नेमबाज नि स्पर्धेचा अधिकारी, दोघंही किमान ७ मीटर लांब हवेत, असा नियम आहे. पण मऊ पत्र्याला गोळीनं खळगे पडतात, आणि खळग्यातून शिशाचे कपचे मागे उडतात. प्लेट कडक पोलादाची हवी, गुळगुळीत हवी, नि वरची कड किंचित नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे कपचे जमिनीत जातात. नियमाचं अंतर पाळूनही कोणी खळगे पडलेली जुनी प्लेट उभी केली, तर अंतराचा उपयोग किती? हे ड्रॉइंगवर दिसत नाही. जागेवर जाऊन प्लेटवर हात फिरवावा लागतो.

तिसरं प्रेक्षक. खासबाग मैदानात आपण चारी बाजूंनी बसून कुस्ती बघतो, तीच सवय कोल्हापूरकराला लागलेली. आमच्या स्टेजला चारी बाजू नाहीत. माणसं एकाच बाजूला, नेमबाजाच्या मागे, दोरीच्या पलीकडे. ती दोरी कुठं बांधायची हे आराखड्यात असतं, आणि स्पर्धा सुरू झाली की सगळ्यात आधी तीच सरकते.

आंतरराष्ट्रीय संघटना तिसऱ्या पातळीपासूनच्या, म्हणजे मोठ्या, स्पर्धांचे स्टेज आधी मागवून तपासते. खालच्या पातळीला हे काम आयोजकांनी करायचं. आमच्यासारख्या गावच्या आयोजकाला ते एकट्यावर सोडू नये असं मला वाटतं, कारण आपण आखलेला स्टेज आपल्याला सुरक्षितच दिसतो.

म्हणून मागणी एवढीच. क्रीडा खात्यानं प्रत्येक विभागात तिघांची तपासणी समिती नेमावी: एक अनुभवी रेंज ऑफिसर (स्पर्धेत नेमबाजावर नि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा), एक पोलीस अधिकारी आणि एक अभियंता. त्यांनी आराखडा पाहावा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी उभा केलेला स्टेज स्वतः चालून पाहावा, आणि खटकलं तर काय बदलायचं ते लेखी द्यावं. नुसता नकार देऊ नये. निर्णयाला मुदत असावी, तीन आठवडे पुरेत. खर्च नगण्य आहे. परवान्यांची तपासणी पोलिसांकडे आहे तशीच राहू द्या, त्यात आम्हाला सूट नको.

परत आलेला तो आराखडा मी शेडच्या फरशीवर खडूनं आखून ठेवलाय, खऱ्या मापानं. कोल्हापूर दौऱ्यात अर्धा तास मिळाला तर या. बंदूक नसेल, गोळी नसेल. आपण फक्त चालायचं, आणि मी टायमर लावतो.

आपला,
एक पॅटर्नमेकर, कोल्हापूर